मागणीची तारीख

इलाहीभाईंच्या उजव्या खांद्यात पद्मजा मगदूमने पहिली सुई घातली, तो त्यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा अडतिसावा दिवस होता. पडद्यावर हिरवा ठिपका होता. त्याआधी सदतीस दिवस तो पिवळा होता, आणि तितके दिवस पद्मजा त्यांना एकच सांगत आली होती, की अजून नाही.

इलाहीभाई मिरजेत तंबोरे करायचे. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं भोपळे तासून आणि तारा ओढून त्यांच्या खांद्याचा सांधा पार झिजला होता, म्हणून तो काढून धातूचा बसवला. शस्त्रक्रिया चांगली झाली. पण खांद्यामागच्या स्नायूंनी गाठी धरल्या आणि हात छातीच्या वर जाईना. तंबोरा घडवण्याची बाकीची कामं इतरांकडून करून घेता येत होती. जवारी मात्र इलाहीभाई स्वतःच लावायचे. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेने इतका हलका घासायचा, की तार छेडल्यावर सूर गुंजत राहिला पाहिजे. ते काम हाताने कमी आणि कानाने जास्त होतं, पण हात उचलावा तर लागतोच. सात तंबोरे जवारीवाचून भिंतीला टेकून उभे होते.

पद्मजा फिजिओथेरपिस्ट होती आणि कोरड्या सुईच्या उपचारात तिचा हात धरणारं त्या भागात कुणी नव्हतं. या सुईत औषध नसतं. केसासारखी बारीक, भरीव सुई आखडलेल्या स्नायूच्या गाठीत नेमकी टोचायची. स्नायू आतल्या आत एकदा फडफडतो आणि सैल पडतो. शिकायला दोन वर्षं लागतात, पण ते अवघड नाही. अवघड असतं ते शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ही सुई कधी टोचायची, हे ठरवणं.

कापलेलं शरीर एका दिवसात सांधत नाही. आधी सूज येते. मग तिथे घाईघाईने एक कच्चं जाळं विणलं जातं, आणि त्यानंतर कित्येक आठवडे ते उसवून पक्क्या धाग्यांनी पुन्हा विणलं जातं. या मधल्या काळात सुई गेली, तर कातडीवरच्या जंतूंना आत जायला वाट मिळते. आत धातूचा सांधा असेल तर धोका दुप्पट. धातूवर जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती असा लेप तयार करतात, की औषध आत पोचतच नाही. म्हणून जुने सर्जन कॅलेंडर बघत. धातू नसेल तर सहा-आठ आठवडे, असेल तर बारा. पण एकाचं शरीर सातव्या आठवड्यात सांधतं, दुसऱ्याचं चौदाव्यात. कॅलेंडरला हे कळत नाही.

हे कळावं म्हणून पापुद्रा आला. शस्त्रक्रिया संपताना जखमेशेजारी नखाएवढा एक पातळ पापुद्रा ठेवायचे, जो चार-पाच महिन्यांत आपोआप विरघळून जाई. तोवर तो बारीक ध्वनिलहरी सोडून आतली वीण किती पक्की झाली आहे ते मोजायचा, रक्तातली सुजेची द्रव्यं तपासायचा, आणि बाहेरच्या पडद्यावर एक ठिपका उजळायचा. लाल, पिवळा किंवा हिरवा. मोजमाप पापुद्र्याचं, पण कुठल्या आकड्याला हिरवं म्हणायचं हे त्याला शिकवावं लागलं होतं. पूर्वीच्या हजारो रुग्णांच्या नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या होत्या. शरीर अशा अवस्थेत असताना या दिवशी सुई दिली, पुढे त्रास झाला किंवा झाला नाही. त्यावरून यंत्र आपला निवाडा करायला शिकलं.

त्या नोंदींत दोनशे बारा रुग्ण पद्मजाचे होते. पंचावन्नच्या पुढचे, धातूचे सांधे बसवलेले, असे रुग्ण दुसऱ्या कुणाकडे इतके नव्हतेच. पापुद्र्याची चाचणी सुरू असतानाच्या तीन वर्षांतल्या नोंदी तिने घैसास सरांच्या हातात विश्वासाने दिल्या होत्या.

डॉ. श्रीनिवास घैसास हाडांचे सर्जन आणि पापुद्र्याचे जनक. पद्मजा पंचवीस वर्षांची असताना त्यांच्या हाताखाली रुजू झाली. त्या काळी फिजिओथेरपिस्टला सर्जनच्या खोलीत खुर्ची मिळत नसे. सरांनी तिला शेजारी बसवून घेतलं, शस्त्रक्रिया बघायला आत नेलं. तिचे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी येऊन बसणारा माणूस हाच होता. वाट बघायला तिला सरांनीच शिकवलं. रुग्ण कितीही विनवू दे, तारीख लिहून ठेव आणि थांब, असं ते म्हणायचे. म्हणून तिच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे दोन तारखा असत. पहिली, ज्या दिवशी सुईची मागणी झाली ती. दुसरी, ज्या दिवशी तिने सुई खरोखर दिली ती. दोन्हींत पाच-सहा आठवड्यांचं अंतर सहज असे.

इलाहीभाईंना चार सुया दिल्या. दहाव्या दिवशी त्यांचा हात डोळ्यांपर्यंत गेला. ते दुकानात गेले, एका तंबोऱ्याची जवारी लावली आणि त्याचा आवाज पद्मजाला फोनवरून ऐकवला.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नीचा, जैबूनभाभींचा फोन आला. ताप नव्हता, पण खांदा कोमट लागत होता आणि टाक्याच्या एका टोकातून पाणी येत होतं. पद्मजा तशीच निघाली. खांद्यावर हात ठेवताच तिला कळलं.

धातूचा सांधा काढावा लागला. त्या जागी औषध भरलेला तात्पुरता ठोकळा बसवला. चार महिन्यांत तीन वेळा भूल दिली गेली. नवा सांधा बसवायला पुरेसं हाड उरलं नाही. इलाहीभाईंचा उजवा हात त्यानंतर छातीच्या वर कधीच गेला नाही.

दवाखान्याच्या समितीने चौकशी केली. समितीचे अध्यक्ष घैसास सर होते. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी पद्मजाला खोलीत बोलावून घेतलं आणि चहा मागवला. ठिपका हिरवा होता हे तिने सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की यंत्राने बरोबरच सांगितलं असणार, पण हात माणसाचा असतो. कुठेतरी कातडी नीट पुसली गेली नसेल, हातमोजा कुठेतरी लागला असेल. तेरा-चौदा वर्षांत एकदा असं कुणाच्याही हातून होतं. तिने तशी शक्यता लेखी मान्य केली, तर प्रकरण सूचनेवर मिटेल. तिचा परवाना जाणार नाही, याची काळजी ते घेतील.

पद्मजाने तो दिवस मनात शंभर वेळा घोळवला होता. कातडी तिने दोनदा पुसली होती. तिला तसं नक्की आठवत होतं. पण सर म्हणतात म्हटल्यावर तिला आपल्या आठवणीवरच शंका यायला लागली. तिने सही केली.

इलाहीभाईंच्या घरी जाऊन तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की चूक माझ्या हातून झाली असावी. ते म्हणाले, की घाई त्यांनीच केली होती, ती तर थांबा म्हणत होती. हे ऐकून तिला जास्तच लागलं. त्यानंतर तिने धातूचा सांधा असलेल्या कुणालाही सुई द्यायचं सोडलं. असा रुग्ण आला की ती दुसऱ्याकडे पाठवू लागली.

पुढच्या वर्षी घैसास सरांचा गुडघा बदलला. पापुद्रा अर्थातच ठेवला होता. त्याच्या जाहिरातीत दोन वर्षं त्यांचाच चेहरा होता. मांडीचा स्नायू आखडला तेव्हा त्यांनी पद्मजालाच बोलावलं. दुसरा हात नको, म्हणाले. तिला ते ऐकून रडू आलं. आपल्यावर अजून कुणाचा तरी विश्वास आहे, असं तिला दीड वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

ती रोज जाऊन व्यायाम करून घेऊ लागली. एकोणचाळिसाव्या दिवशी तिने त्यांचा पडदा उघडला. ठिपका हिरवा होता. तिने सुयांची पेटी काढली, हात धुतले आणि आज देऊ या का, असं विचारलं. तिला वाटलं, इथूनच आपण पुन्हा सुरुवात करू.

सर म्हणाले, "नको, बारा आठवडे होऊ देत."

ठिपका त्यांना दिसला नसेल असं वाटून तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. वय झालं की माणूस भित्रा होतो, असं काहीतरी हसत म्हणाले आणि बोलणं क्रिकेटवर नेलं. वेदना होत नसत्या तर गोष्ट वेगळी होती. पण त्या माणसाला जिना चढताना कठडा धरून उभं राहावं लागत होतं. इतका त्रास सोसून तो स्वतःच्याच यंत्राला नाही म्हणत होता, आणि म्हणताना त्याला क्षणाचाही विचार करावा लागला नव्हता.

घरी आल्यावर पद्मजाने कपाटातून आपल्या वह्या काढल्या. पापुद्र्याला मान्यता मिळाली तेव्हा ज्या नोंदींवरून तो शिकला, त्या नावं वगळून जाहीर झाल्या होत्या. कुणालाही त्या बघता येत. तिने कधी बघितल्या नव्हत्या, कारण आपणच लिहिलेलं काय बघायचं. तिने आपला पहिला रुग्ण वयावरून आणि शस्त्रक्रियेच्या तारखेवरून शोधून काढला. कुपवाडच्या एक शिक्षिका, गुडघा. वहीत लिहिलं होतं, मागणी पस्तिसाव्या दिवशी, सुई एक्याण्णवाव्या दिवशी. जाहीर नोंदीत होतं, सुई पस्तिसाव्या दिवशी, त्रास नाही.

तिला वाटलं, एखादी चूक असेल. तिने दुसरा रुग्ण काढला. मग तिसरा. शेवटच्या रुग्णानंतर तिने वही मिटली.

दोनशे बाराही रुग्णांची मागणीची तारीखच सुईची तारीख म्हणून चढवली गेली होती. ज्या दिवशी तिने नाही म्हटलं होतं, त्या दिवशी तिने सुई दिली आणि काही बिघडलं नाही, असं यंत्राने वाचलं होतं. शरीर कच्चं असताना वीण कशी दिसते हे पापुद्र्याने मोजलं, आणि याला पक्कं म्हणायचं हे तो तिच्या वहीतून शिकला. ती जितका जास्त धीर धरी, तितकं यंत्र उतावीळ होत गेलं होतं.

ही चूक कुणाची, हे शोधायला तिला दोन दिवस लागले. नोंदी चढवणाऱ्या गटात तेजल बापट नावाची एक संगणक अभियंता होती, जिने नंतर ते काम सोडून पुण्याला नोकरी धरली होती. पद्मजाने फोन करून आपलं नाव सांगितलं. तेजल म्हणाली, की ती या फोनची कधीपासून वाट बघत होती. रकान्यांची अदलाबदल तिच्याच गटाकडून झाली होती. पापुद्रा बाजारात येण्याच्या दोन महिने आधी तिच्या ते लक्षात आलं, आणि तिने त्याच दिवशी सरांना लेखी कळवलं. सर म्हणाले, मी मॅडमशी बोलून घेतो. आठवड्याभराने त्यांनी सांगितलं, मॅडमनी तपासलं आहे, तारखा बरोबर आहेत. तेजलला ते पटलं नव्हतं. पण ज्यांच्या वह्या त्याच बरोबर म्हणतात म्हटल्यावर ती गप्प बसली. तिने पाठवलेलं पत्र आणि सरांचं उत्तर, दोन्ही तिने पद्मजाला पाठवलं. उत्तरात पद्मजाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळी सरांकडे गेली. त्यांचा व्यायाम करून घेतला, कारण ठरलेलं काम होतं. मग वही आणि ते पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. सरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि चष्मा काढून ठेवला. ते नाकबूल होतील असं तिला वाटलं होतं. ते झाले नाहीत.

ते सावकाश सांगत गेले. नोंदी दुरुस्त करायच्या तर यंत्राला पुन्हा शिकवावं लागलं असतं, पुन्हा चाचण्या, पुन्हा मान्यता. तीन वर्षं सहज गेली असती. ते तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांना वाटलं, यंत्राकडे तरुणांच्या हजारो खऱ्या नोंदी आहेत, त्यांत या दोनशे बुडून जातील. तरुणांच्या बाबतीत तसं झालंही. म्हाताऱ्या, धातू बसवलेल्या शरीरांसाठी मात्र यंत्राकडे दुसरं काहीच नव्हतं. हे त्यांना नंतर कळलं, की आधीच कळलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पद्मजाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इलाहीभाईंच्या वेळी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही माझ्याकडून सही घेतलीत."

"तुझा परवाना वाचवला मी," ते म्हणाले.

तिला त्यांच्या आवाजात खोटेपणा शोधायचा होता. तो सापडला नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. इलाहीभाईंच्या खांद्यात सापडलेला जंतू केसांच्या मुळाशी राहतो, कातडी कितीही पुसली तरी तो थोडा उरतोच. ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वी तिला याच माणसाने शिकवली होती. म्हणून तर वीण पक्की होईपर्यंत थांबायचं. समितीसमोर तिने हातमोज्यांची शक्यता वाचून दाखवली, तेव्हा त्यांच्या मनात हे आलंच असणार. तिने आपली पिशवी उचलली. उद्यापासून व्यायामाला दुसरं कुणी येईल, असं सांगून ती बाहेर पडली.

त्याच दिवशी तिने औषध नियंत्रक कार्यालयाला वह्यांच्या प्रती आणि ती दोन पत्रं पाठवली, आणि समितीला कळवलं, की मी माझी सही मागे घेते. पण कागद हलायला वेळ लागतो, आणि ठिपके रोज हिरवे होत होते. तिने ओळखीच्या प्रत्येक फिजिओथेरपिस्टला फोन केले. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, बेळगाव. काहींनी आभार मानले. काहींनी थंडपणे विचारलं, तुमच्याच हातून ते झालं होतं ना. सहा आठवड्यांनी पंचावन्नच्या पुढच्या रुग्णांसाठी पापुद्र्याचा ठिपका बंद करण्यात आला. तोवर इतर ठिकाणचे नऊ सांधे इलाहीभाईंसारखेच गेल्याचं उघड झालं. त्या नऊही ठिकाणी कुणा ना कुणा फिजिओथेरपिस्टने आपल्या स्वच्छतेत कसूर झाल्याचं लिहून दिलं होतं.

घैसास सरांनी चौकशीत काही लपवलं नाही. त्यांची पदं गेली. शहरात बरेच लोक म्हणत, म्हाताऱ्या माणसाला तिने उगीच खाली खेचलं, ज्याने तिला घडवलं त्यालाच. पद्मजा कुणाला उत्तर द्यायला गेली नाही. सर मात्र तिला आठवत. एखादी गाठ बोटाखाली नीट सापडली की पहिल्यांदा हे त्यांना सांगावं असंच मनात येई, आणि मग पुढचं आठवे.

वर्षभराने तिच्याकडे एक पत्र आलं. पापुद्रा नव्याने शिकवायचं ठरलं होतं, या वेळी सरकारी देखरेखीखाली. ते काम तेजल बघणार होती. म्हाताऱ्यांच्या धातूच्या सांध्यांच्या खऱ्या तारखा पद्मजाच्या वह्यांखेरीज जगात कुठे नव्हत्या. त्या मिळाल्या तर यंत्र दोन वर्षांत तयार होईल, नाही मिळाल्या तर दहा वर्षं. तेजलने शेवटी लिहिलं होतं, तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते.

पद्मजा आठवडाभर विचार करत राहिली. तिला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर लोक पुन्हा कॅलेंडरवर जातील, आणि कॅलेंडरनेही माणसं दुखावतात हे तिला माहीत होतं. शेवटी तिने ठरवलं, देईन, पण या वेळी ज्याची नोंद त्याला विचारून. पहिल्या वेळी तिने सरांवर विश्वास टाकला, तेव्हा रुग्णांना कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

ती घरोघर गेली. काही रुग्ण वारले होते, त्यांच्या मुलांना विचारलं. बहुतेकांनी हो म्हटलं. इलाहीभाईंचं घर तिने सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. त्यांची नोंद त्या दोनशे बारांत नव्हती. पण यंत्राला चूक म्हणजे काय हे शिकवायचं तर तीच नोंद सगळ्यांत महत्त्वाची होती. त्या अडतिसाव्या दिवशी आत वीण कशी होती, हे पापुद्र्याने त्यांना न विचारताच अगदी बारकाईने टिपून ठेवलं होतं.

खरं काय घडलं ते तिने त्यांना सही मागे घेतली त्याच आठवड्यात सांगितलं होतं. आज जैबूनभाभींनी चहा आणला. इलाहीभाईंनी कप डाव्या हाताने घेतला. पद्मजाने सगळं नीट समजावून सांगितलं. नाव कुठे येणार नाही, फक्त आकडे. त्यामुळे पुढे किती जणांचे सांधे वाचतील, तेही सांगितलं.

इलाहीभाई म्हणाले, "आधी विचारलं असतं ना ताई, तर दिलं असतं. हसत दिलं असतं."

"आणि आता?"

"आता नाही."

तिने आणखी एकदा विचारावं, असं तिला फार वाटलं. शब्द तोंडाशी आले होते. कारणं सगळी खरी होती, आणि इलाहीभाई भिडस्त माणूस होते. दोनदा म्हटलं असतं तर त्यांनी हो म्हटलं असतं.

तिने चहा संपवला. घरी येऊन यादीत त्यांच्या नावापुढे आजची तारीख लिहिली आणि त्यापुढे लिहिलं, नाही.